शेजारचा वाडा पाडून तिथे दुकानाचं पार्किंग! पेठकरांनो, मतं हवीत

पेठेतलाच (धागाकर्ता) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. पुण्याच्या नारायण पेठेत, लक्ष्मी रस्त्याच्या मागच्या एका बोळात आमची सात फ्लॅटची जुनी सोसायटी आहे. तिला खेटून एक वाडा आहे, साधारण चार गुंठ्यांचा. मागचा चौक कधीच ढासळला, तिथे आता पत्रे, भंगार आणि मांजरं. पुढच्या चौकाभोवती मात्र अजून नऊ बिऱ्हाडं नांदतात, सगळी जुन्या भाड्याची.

आता बातमी अशी की लक्ष्मी रस्त्यावरचं एक मोठं साड्यांचं दुकान हा वाडा विकत घेतंय. बांधणार काहीही नाही. वाडा पाडायचा, जागा सपाट करायची, पेव्हर ब्लॉक टाकायचे, दारावर वॉचमन बसवायचा आणि पाटी लावायची, 'फक्त ग्राहकांसाठी'. बिऱ्हाडकरूंना खोलीमागे ठोक रक्कम देऊ केलीय. आकडा प्रत्येकाला वेगळा सांगितलाय, हे मागाहून एकमेकांशी बोलल्यावर कळलं. तीन बिऱ्हाडं तयार आहेत, चार जण हलणार नाही म्हणतात, उरलेली दोन दोन्हीकडे माना डोलावतात.

गल्लीत सरळ दोन तट पडलेत. काल मंडळाच्या खोलीत बैठक झाली. आमच्याच सोसायटीतले दोघं म्हणाले, होऊ द्या पार्किंग, रात्री दुकान बंद झालं की आपल्याही गाड्या आत लागतील, तसं दुकानवाले बोललेत. वाड्यातल्या आजी कोपऱ्यात खुर्चीवर बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "गाड्या रात्री आत लागतील. आम्ही कुठे लागायचं?" यावर कोणी काही बोललं नाही आणि विषय मांडवाच्या वर्गणीवर गेला.

मला विचारायचंय ते असं. राहती घरं पाडून नुसतं पार्किंग करता येतं का? वाड्याची आणि आमची भिंत काही भागात एकच आहे, तिचं काय होणार? आणि तुम्हाला काय वाटतं, आम्ही विरोध करणारे उगाच भावनिक होतोय का?

---

दुचाकीस्वार | सोमवार, रात्री १०:४०

हो, थोडे होताय. राग मानू नका.

लक्ष्मी रस्त्यावर लग्नाची खरेदी करायला आई-वडिलांना घेऊन गेलं की अर्धा जीव गाडी लावण्यात जातो. पी-१ पी-२ च्या (सम-विषम तारखांच्या पार्किंगच्या) पाट्या वाचेपर्यंत टोइंगवाले गाडी उचलून नेतात. कोणी स्वतःच्या पैशाने जागा विकत घेऊन लोकांच्या गाड्यांची सोय करत असेल तर त्यात वाईट काय? तेवढ्या गाड्या तुमच्या बोळातून कमी होतील. आणि तो वाडा उद्या पावसात बसला तर? दर जुलैत पेपरात एक तरी बातमी असतेच.

---

खवचट_काका | सोमवार, रात्री ११:०५

'फक्त ग्राहकांसाठी' वाचून डोळे पाणावले. म्हणजे गाडी लावायची तर आधी पैठणी घ्यावी लागणार. महिन्याच्या पासला पैठण्या किती?

---

दोन_खोल्या | मंगळवार, सकाळी ७:३०

मी सदाशिवात अशाच वाड्यात वाढले, आई अजून तिथेच आहे. वाड्याबद्दल इथे कोणी हळवं व्हायला लागलं की मला चीड येते, म्हणून आधी तेच सांगते.

आमच्याकडे वरच्या मजल्याला तीन टेकू आहेत. त्यातला एक बरोबर जिन्याच्या तोंडाशी, त्यामुळे गॅसची टाकी तिरकी करून वर चढवावी लागते. संडास खाली चौकात, पाच बिऱ्हाडांत दोन. आई पंच्याहत्तरीची आहे, गुडघे गेलेत, रात्री उठायला लागू नये म्हणून संध्याकाळी सहानंतर पाणी पीत नाही. पांढऱ्या मातीच्या भिंतीत घुशी लागल्यात. तुळशीवृंदावनाचे फोटो काढायला येणारी मुलं हे फोटो काढत नाहीत.

तरी ती हलत नाही, आणि तिचं बरोबर आहे. ती साड्यांना फॉल-पिको करते. काम येतं कुठून? लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानांतून. दुपारी पोऱ्या गठ्ठा टाकून जातो, दुसऱ्या दिवशी घेऊन जातो. तिला धायरीत वन बीएचके दिला तर संडास घरात येईल, काम मात्र जाईल. एका साडीमागे मिळणाऱ्या पैशांसाठी धायरीला कोण गठ्ठा पाठवेल?

धागाकर्ते, तुमच्या शेजारच्या नऊ बिऱ्हाडांत कोण काय काम करतं ते एकदा विचारा. माझा अंदाज आहे की निम्म्यांचं पोट त्या रस्त्यावरच असेल.

---

पेठेतलाच | मंगळवार, सकाळी ८:१५

अंदाज बरोबर आहे. एकांचा पोळीभाजीचा डबा आहे, गिऱ्हाईक सगळं दुकानांतले नोकर. एक गुरुजी आहेत. एक काका दुसऱ्या एका दुकानात काउंटरवर. आणि हो, फॉल-पिको करणाऱ्या दोघी आहेत. त्यातली एक याच दुकानाचं काम करते. ती 'तयार' असलेल्या तिघांत आहे, कारण नाही म्हटलं तर काम बंद होईल अशी तिला भीती आहे. तसं तिला कोणी म्हणालेलं नाही. म्हणायची गरजही नाही.

---

मालकीण_बाई | मंगळवार, सकाळी ११:२०

मालकांच्या बाजूने कोणीच बोलणार नाही असं दिसतंय, तर मी बोलते. माझ्या सासऱ्यांचा वाडा कसब्यात आहे.

आमच्याकडचं सगळ्यात मोठं बिऱ्हाड, तीन खोल्या आणि सज्जा, महिन्याला ३८ रुपये भाडं देतं. कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. ३८ चे ४ टक्के काढा: एक रुपया बावन्न पैसे. पत्र्याचं एक पान बदलायला सुतार सोडा, त्याचा पोऱ्यासुद्धा येत नाही तेवढ्यात. मालमत्ता पत्रकावर नावं चौदा, त्यातली चार परदेशात. महापालिकेची धोकादायक वाड्याची नोटीस आली की ती मालकाच्या नावाने येते, अपघात झाला की गुन्हाही मालकावर. बिल्डर येतात, मोजमाप घेतात, चहा पितात आणि परत येत नाहीत. प्लॉट अरुंद आणि लांबुळका, रस्ता लहान, बाजूला समास, म्हणजे नियमाची मोकळी जागा, सोडले की बांधायला उरतं काय?

अशा वेळी कोणी येऊन रोख पैसे देतो म्हटलं तर तो मालक काय करेल? पार्किंग करो नाहीतर घोडे बांधो. पिढ्यानपिढ्या फुकटात राहिलेल्यांना वर रक्कमही मिळतेय. यात अन्याय कुठे झाला ते मला कळलं नाही.

---

दोन_खोल्या | मंगळवार, सकाळी ११:५२

'फुकटात' हा शब्द मागे घ्या. आईने राहायला येताना डिपॉझिट दिलंय, त्या काळच्या मानाने घसघशीत. पावती नाही, कारण पावती देत नसत. छपराची कौलं चाळणं, मोरीची फरशी, विजेचं नवं वायरिंग, सगळं बिऱ्हाडकरूंनी स्वतःच्या खिशातून केलंय. मालक गणपतीत आरतीला येतात तेवढेच.

---

मालकीण_बाई | मंगळवार, दुपारी १२:१०

तुमचे मालक तसे असतील. आम्ही आरतीलाही जात नाही, भांडणं होतात.

---

वकिली_चष्मा | मंगळवार, रात्री ९:१५

दोघीही आपापल्या जागी बरोबर आहेत, आणि हा वाद ७०-८० वर्षं जुना आहे, इथे मिटणार नाही. धागाकर्त्यांच्या पहिल्या प्रश्नाकडे येतो. (हा सल्ला नाही. कागद बघितल्याशिवाय सल्ला देणारा वकील टाळावा.)

वाडा विकला म्हणून भाडेकरू आपोआप जात नाहीत. खरेदीदार जुन्या मालकाच्या जागी येतो आणि भाडेकरू तिथेच राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, अंमल ३१ मार्च २००० पासून. कलम १६ मध्ये ताबा कोणत्या कारणांनी मागता येतो त्याची यादी आहे. 'पाडायचंय' हे कारण त्यात आहे, पण कशासाठी पाडायचंय तेही तिथेच लिहिलंय: नवी इमारत उभी करण्यासाठी. मंजूर नकाशा आहे का, पैसा आहे का, हे न्यायालय तपासतं. शिवाय नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूला जागा मागण्याचा हक्क राहतो. नुसती मोकळी जागा करून गाड्या लावायच्या आहेत, हे या कारणात बसत नाही.

स्वतःच्या खऱ्याखुऱ्या गरजेसाठी जागा हवी, असं कारणही यादीत आहे. पण तिथे ताबा दिल्याने कोणाला जास्त त्रास होईल, मालकाला की भाडेकरूला, हे न्यायालयाने तोलायचं असतं. दहा पावलांवर चार मजली दुकान असलेल्याची गाड्यांची गरज विरुद्ध वाड्यातल्या त्या आजींचं राहतं घर. लघुवाद न्यायालयात हा दावा किती वर्षं चालेल याचा हिशेब दुकानाच्या वकिलाने नक्की केला असणार.

म्हणूनच तर रक्कम देऊ केलीय. राजीखुशीने भाडेहक्क सोडला की प्रश्नच संपतो.

आता तिसरी वाट, आणि हिच्यावर लक्ष ठेवा. वाडा धोकादायक ठरवून महापालिकेकडूनच पाडून घ्यायचा. महापालिका कायद्याच्या कलम २६४ ची (धोकादायक इमारतीची) नोटीस खरी असेल तर तिला अडवू नये, माणसं मरतात. पण पुष्कळ भाडेकरूंना वाटतं की इमारत गेली म्हणजे हक्क गेला. तसं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय की महापालिकेने इमारत पाडली म्हणून भाडेकरार संपत नाही. खालची जमीन आहे तोवर हक्क आहे. तेव्हा नोटीस आली तर घर सोडण्याआधी कोणाच्या ताब्यात किती क्षेत्र होतं, त्याची मोजणी आणि नोंद महापालिकेकडून लेखी घ्या. फोटो काढा, दारावरच्या घरांकासकट.

---

खवचट_काका | मंगळवार, रात्री ९:४०

म्हणजे बांधायचं म्हटलं तर भाडेकरूंना जागा द्यावी लागते, आणि काहीच बांधायचं नसेल तर रक्कम देऊन मोकळं होता येतं. मग पाच-दहा वर्षं गाड्या लावायच्या. पुढे एखाद्या शुभमुहूर्तावर तिथे सहा मजली शोरूम. तोवर वाड्यात कोण राहत होतं ते गुगललाही आठवणार नाही.

---

वकिली_चष्मा | मंगळवार, रात्री ९:५५

काका, तुम्ही थट्टेत बोललात, पण माझ्या मते खरा हिशेब हाच आहे. त्या दुकानाला गाड्यांची अडचण नाही असं नाही. ती आहेच. पण चार गुंठे पेठेत विकत घेऊन त्यावर कायमच्या गाड्या लावणारा व्यापारी मी अजून पाहिला नाही. पार्किंग हा मधला मुक्काम. भाडेकरूंसकट वाड्याची किंमत एक, मोकळ्या जागेची दुसरी.

---

नकाशावाला | बुधवार, दुपारी १:०५

व्यवसायाने स्थापत्यवाला आहे, म्हणून जरा आकडेमोड.

चार गुंठे म्हणजे ४३५६ चौरस फूट, सुमारे ४०५ चौरस मीटर. कारचा नुसता चौकोन अडीच बाय पाच मीटरचा, साडेबारा चौरस मीटर. पण गाडी आत आणायला, वळवायला, दार उघडायला जागा लागते. म्हणून उघड्या पार्किंगमध्ये कारमागे २३ चौरस मीटर धरतात. ४०५ भागिले २३: सतरा. तेही प्लॉट छान चौकोनी असेल तर. वाड्यांचे प्लॉट पुढे अरुंद, मागे लांब, मध्येच कोणाची तरी खोली घुसलेली. मी बारा-तेरा धरीन.

म्हणजे नऊ बिऱ्हाडांच्या बदल्यात बारा-तेरा कार. मोठ्या दुकानात लग्नसराईच्या रविवारी एका वेळी किती कुटुंबं खरेदीला असतात ते डोळ्यांपुढे आणा. उरलेले कुठे जाणार? 'पार्किंग उपलब्ध' ही पाटी वाचून तेही बोळात शिरणार, आत जागा नाही म्हणून वॉचमन हात हलवणार, आणि पंधरा फुटी बोळात सहा गाड्या उलट्या काढायच्या. धागाकर्ते, तुमच्या सोसायटीतल्या त्या दोघांना हे दृश्य सांगा.

आता भिंत. हा मुद्दा कोणीच गंभीरपणे घेत नाही. पेठेतले वाडे एकमेकांच्या आधाराने उभे असतात. सामायिक भिंत खाली दगडाची, वर विटा किंवा पांढरी माती, आणि दोन्हीकडच्या तुळया त्याच भिंतीत घुसलेल्या. एकीकडचा वाडा काढला की ती भिंत एका बाजूने उघडी पडते. तिला गिलावा नसतो, कारण ती कधी बाहेरची भिंत नव्हतीच. पहिल्या पावसात माती पाणी पिते आणि फुगते. नवं बांधकाम येणार असेल तर त्याचा तरी आधार मिळतो. पार्किंगमध्ये तो येणारच नाही. तुमची सोसायटी आरसीसी असेल तर तुम्ही बऱ्यापैकी वाचाल, पण वाड्याच्या दुसऱ्या अंगाला काय आहे?

---

पेठेतलाच | बुधवार, दुपारी १:४०

दुसऱ्या अंगाला आणखी एक वाडा. तीन बिऱ्हाडं आणि मालक स्वतः. आणि तेच सगळ्यात जास्त पार्किंगच्या बाजूने बोलत होते!

---

नकाशावाला | बुधवार, दुपारी १:५२

त्यांना आज संध्याकाळीच भेटा. जेसीबी आत आला की भेटून उपयोग नाही.

आणखी एक. चौकात आड (छोटी विहीर) आहे का? असेल आणि नुसती फरशी टाकून झाकलेला असेल तर त्यावर एसयूव्ही उभी राहण्याआधी कोणीतरी सांगायला हवं. पेठांत असे आड पुष्कळ आहेत. काही हौद कात्रजच्या पेशवेकालीन नळाचे आहेत, तेही नकाशात दिसतीलच असं नाही.

---

दुचाकीस्वार | बुधवार, दुपारी २:३०

सतरा कार हे मान्य. पण पुण्यात खरेदीला निम्मे लोक दुचाकीवर येतात. तेवढ्यात शंभर दुचाक्या सहज बसतील. त्याचं काय?

आणि तुम्ही सगळे नको म्हणताय तर पर्याय सांगा ना. पार्किंग नको, टोइंग नको, रस्त्यावर पैसे आकारायला नको. महापालिकेने २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर केलं, रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचे म्हणून. केवढा गदारोळ झाला! शेवटी पाच रस्त्यांवर करून बघू इथवर आलं आणि तेही बारगळलं. तेव्हा विरोध करणारे आणि आज वाड्यासाठी रडणारे हे बरेचसे तेच आहेत.

---

नकाशावाला | बुधवार, दुपारी ३:१०

शेवटचं वाक्य झोंबलं, पण खरं आहे. रस्त्यावरची जागा फुकट आहे तोवर आतल्या जागेत पैसे देऊन कोणी जाणार नाही, आणि दुकानदाराला ग्राहकासाठी फुकट जागा निर्माण करत बसावं लागेल. ती जागा कोणाच्या तरी घरातूनच यायची. शंभर दुचाक्यांचा मुद्दाही मान्य. पण साड्यांचं दुकान वॉचमनला 'आधी कार' सांगेल की 'आधी अॅक्टिव्हा'?

---

लक्ष्मी_रोडवाला | बुधवार, रात्री १०:३०

दुकान बंद करून आत्ता घरी आलो. माझं दुकान मोठं नाही, वडिलांपासूनचं आहे. या व्यवहाराशी संबंध नाही, ते दुकान कोणतं असेल याचा अंदाज आहे, नाव घेणार नाही आणि कोणी घेऊही नये.

आमची बाजू ऐका. सणाच्या दिवसांत गिऱ्हाईकाचा फोन येतो, "काका, दारापाशी आहोत, गाडी कुठे लावू?" मी काय सांगू? ते दोन चकरा मारतात आणि कर्वे रोडला जातात. तिथे बेसमेंटमध्ये गाडी लागते, वर एसीत साड्या बघायच्या. आमचं गिऱ्हाईक चाळीस-पन्नास वर्षांचं, सोबत आजी असते, ती मंडईतून चालत येऊ शकत नाही.

मंडईत महापालिकेचे वाहनतळ आहेत ना, असं म्हणाल. आहेत. आर्यन आणि मिनर्व्हा. आर्यन हे पुण्यातलं पहिलं सिनेमागृह, १९१५ चं. १९८३ मध्ये पाडलं, तिथे आज गाड्या लागतात. मी दुकानाचा माल आणायला गेलो की मधल्या वारी दुपारी तिथे जागा मिळते. रविवारी आणि गणपतीआधी विसरा.

पण एक सांगतो, याला माझ्याच लाइनीतले लोक हसतात. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन करते, २०२१ पासून. त्या दिवशी लक्ष्मी रस्त्याच्या एका पट्ट्यात गाड्या बंद. पहिल्या वर्षी आम्ही सगळे बोंब मारायला तयार होतो. धंदा काही बुडाला नाही. लोक रमतगमत चालले, दुकानांत शिरले. आणि सप्टेंबर २०२४ पासून मंडईला मेट्रोचं स्टेशन झालंय. पिंपरी-चिंचवडहून येणाऱ्या बायका आता थेट मेट्रोने येतात, पिशव्या घेऊन तशाच परत जातात. माझ्या बघण्यात हे गिऱ्हाईक वाढतंय. स्टेशनपासून आमच्यापर्यंत फूटपाथ धड असता तर आणखी वाढलं असतं. चार गुंठे घ्यायला जेवढे पैसे जातील त्यात स्टेशन ते कुंटे चौक बॅटरीच्या गाड्यांच्या फेऱ्या किती वर्षं चालवता येतील? व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन करायला हवं ते हे. पण एकत्र येणं आमच्यात दिवाळीच्या लाइटिंगपुरतंच.

---

शनिवारवाड्यामागे | गुरुवार, सकाळी ६:५०

तुमच्याकडे निदान बांधू की पार्किंग करू असा प्रश्न तरी आहे. आमच्याकडे तोही नाही. शनिवारवाडा संरक्षित स्मारक, त्यामुळे २०१० च्या दुरुस्तीनंतर शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम नाही. दुरुस्ती चालते, तीही परवानगी काढून. म्हणजे जुना वाडा जोवर उभा आहे तोवर उभा. पडला की त्या जागेवर काही उगवत नाही, फक्त गाड्या. आमच्या घराच्या मागच्या खोल्या पानशेतच्या पुरात गेल्या, १९६१ साली. तेव्हा 'तात्पुरते' पत्रे ठोकले. ते पत्रे आता घरातल्या सुनांपेक्षा सीनिअर आहेत.

बाकी चालू द्या.

---

बफेलोकर | गुरुवार, सकाळी ९:१५ (आमच्याकडे बुधवार रात्र)

जन्म नारायण पेठेतलाच, आता वीसेक वर्षं बफेलो, न्यूयॉर्क राज्य. इथल्या डाउनटाउनमध्ये एके काळी हेच झालं. दुकानांना गिऱ्हाईक उपनगरांकडे पळतंय असं वाटलं, म्हणून आजूबाजूच्या जुन्या इमारती पाडून पार्किंग केलं. गाड्या लावायला जागाच जागा झाली, फक्त गाडी लावून जायचं कुठे ते उरलं नाही. शेवटी २०१७ मध्ये शहराने नव्या बांधकामासाठी किमान इतकं पार्किंग हवंच, हा नियमच काढून टाकला. तुमच्या दुकानदाराला हिवाळ्यात माझ्याकडे पाठवा, दाखवतो.

---

मालकीण_बाई | गुरुवार, दुपारी ४:००

बफेलोला जायची गरज नाही. मला एवढंच सांगा, पार्किंग नको, शोरूम नको, बिल्डर येत नाही, भाडं ३८ रुपये. मग मालकाने करायचं काय? वाडा पडायची वाट बघायची?

---

नकाशावाला | गुरुवार, संध्याकाळी ६:२०

मालकीणबाई, प्रश्न रास्त आहे. २०२० च्या एकीकृत बांधकाम नियमावलीत भाडेकरूंना सामावून घेणाऱ्या जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची मुभा, आहे. एकट्या अरुंद प्लॉटला ते वापरता येत नाही, तुम्ही म्हणता ते समास आणि रस्त्याची रुंदी आडवी येते. पण दोन-तीन शेजारचे वाडे एकत्र आले तर गणित बदलतं. धागाकर्त्यांच्या केसमध्ये शेजारी वाडाच आहे, आणि त्याचे मालक हजर आहेत. चार गुंठे अधिक त्यांचे जे असतील ते. खाली दोन मजले पार्किंग, वर भाडेकरू, त्यावर विक्रीचे फ्लॅट. दुकानाने पार्किंगचे गाळे विकत घ्यावेत हवे तर. हे होईलच असं म्हणत नाही. चौदा वारसांच्या सह्या मिळवण्यात माझे दोन प्रकल्प मेले आहेत. पण कागदावर तरी काढून बघायला हवं ना?

---

मालकीण_बाई | गुरुवार, संध्याकाळी ६:४५

चौदा सह्या म्हटल्यावर हसू आलं. तुमचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा.

---

पेठेतलाच | शनिवार, रात्री ८:३०

खूप जणांनी वेळ दिला, आभार. दोन दिवसांत जे झालं ते लिहितो.

पलीकडच्या वाड्याच्या मालकांना भिंतीचं सांगितलं. आधी म्हणाले, आमची भिंत दगडी आहे. मग बॅटरी घेऊन माळ्यावर गेलो. वरचा भाग मातीचा आहे, आणि शेजारच्या वाड्याची एक तुळई त्यांच्या माळ्यात वीतभर बाहेर आलेली आहे, तिच्यावर त्यांनी बाजरीचं पोतं ठेवलंय. आता ते म्हणतात, लेखी हमी आणि भिंत नव्याने बांधून दिल्याशिवाय एक वीट हलू देणार नाही. पार्किंगच्या बाजूने होते, ते आता आमच्याहून कडक झालेत.

आड आहे. आजींनी जागा दाखवली, फरशीवर पिंप ठेवलेलं आहे.

सोसायटीतल्या दोघांपैकी एक अजून ठाम आहेत. त्यांचं म्हणणं, वाडा आज ना उद्या जाणारच, मग आपल्या फायद्यात गेला तर काय बिघडलं. रात्री गाड्या लावू देण्याचं लेखी द्या असं त्यांनी दुकानाला कळवलं होतं, अजून उत्तर नाही.

तयार असलेल्या तिघांपैकी एका बिऱ्हाडाने पैसे घ्यायचं नक्की केलंय. मुलाच्या फ्लॅटच्या हप्त्यांना हवेत. त्यांना कोणी नावं ठेवू नयेत असं मी बैठकीत बोललो, तरी एक-दोघांनी ठेवलीच.

मालकांपैकी एक, पुण्यातले, भेटायला तयार झालेत. उद्या सकाळी दहाला मंडळाच्या खोलीत. नकाशावाला, जमलं तर याच.

---

वकिली_चष्मा | शनिवार, रात्री ९:१०

बिऱ्हाडकरूंना सांगा, उद्या येताना भाड्याच्या जुन्या पावत्या, लाइट बिल, रेशनकार्ड आणि मतदार यादीतल्या नावाची प्रत घेऊन या. मूळ कागद कोणाच्याही हातात द्यायचे नाहीत, झेरॉक्स दोन. मालक भाडं घेत नसतील तर मनीऑर्डरने पाठवलेल्याच्या पावत्याही आणा. जे पैसे घेऊन जाणार आहेत त्यांनी नोटरीच्या साध्या कागदावर सही करू नये. दस्त नोंदणीकृत हवा, आणि सहीच्या टेबलावरच पूर्ण रक्कम. पुढच्या तारखेचा चेक नको.

तुमच्या सोसायटीने मालमत्ता पत्रक आणि झोन दाखला (जागा कशासाठी राखलीय त्याचा दाखला) काढून ठेवा. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या शहराच्या विकास आराखड्यात त्या जागेवर काय दाखवलंय ते बघितलंत का? आधी ते बघा, मग भांडा.

---

पेठेतलाच | शनिवार, रात्री ९:२५

झोन दाखल्याचा अर्ज शुक्रवारी दिलाय. खिडकीवरच्या साहेबांनी विचारलं, "पार्किंगसाठी का? या महिन्यात तुमच्या भागातून बरेच आलेत."

---

खवचट_काका | शनिवार, रात्री ९:३१

बरेच म्हणजे किती ते विचारायचं राहिलं का?

---

पेठेतलाच | शनिवार, रात्री ९:३३

विचारलं. माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. केलाय.